पेपरचीही कजा असावी

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालेली बस मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकत डोंगरी आणि तारोडीच्या बाजूला येते. हा सारा पट्टा ठाणे जिल्ह्यात, मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत मोडतो. उत्तन ओलांडून थोडे पुढे गेले की गोराई लागते आणि तिथे मुंबई उपनगर जिल्हा सुरू होतो. एकाच किनाऱ्यावरची ही शेजारची गावे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचा एक सण सरकारी कागदावर दोन वेगळ्या दिवशी आला.

ईद-ए-मिलादची सुट्टी त्या वर्षी शुक्रवारी, ५ सप्टेंबरला जाहीर झालेली होती. दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाची गर्दी आणि मिलादचा जुलूस एकमेकांत अडकू नये म्हणून मुंबईतल्या मुस्लिमांनी जुलूस पुढे नेला. सरकारनेही मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती सुट्टी सोमवारी, ८ सप्टेंबरला नेली. उरलेल्या महाराष्ट्रात ती ५ तारखेलाच राहिली. त्यामुळे शुक्रवारी तारोडीला सुट्टी होती आणि गोराईला कामकाज. सोमवारी गोराईला सुट्टी होती आणि तारोडीला कामकाज.

शेजाऱ्याच्या सणासाठी आपला जुलूस मागे-पुढे करणे ही चांगलीच गोष्ट झाली. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले होते, तेव्हाही मुंबईत असेच झाले होते. अडचण समाजांमध्ये नव्हती. ती कागदावर होती. कारण गोराईचा विद्यार्थी आणि तारोडीचा विद्यार्थी बहुधा एकाच विद्यापीठाचे असतात. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत मुंबई विद्यापीठाची महाविद्यालये पसरलेली आहेत. परीक्षेचे वेळापत्रक एकच असते. अशा वेळी कुणाचा सण कुठल्या दिवशी धरायचा आणि त्या दिवशी पेपर आला तर विद्यार्थ्याने काय करायचे, हा प्रश्न सुट्टीच्या यादीने सुटत नाही. त्यासाठी वेगळा, लेखी नियम लागतो. रमजानच्या महिन्यात हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण सण एका दिवसाचा असतो आणि रोजे महिनाभराचे.

महिना फिरतो, वेळापत्रक फिरत नाही

इस्लामी वर्ष चंद्राचे. ते साधारण ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे रमजान दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरवर दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा त्याच जागी येतो. २०१८ मध्ये तो मे-जूनच्या उन्हाळ्यात होता, महाविद्यालयांना तेव्हा बहुतेक सुट्टी होती. २०२५ मध्ये तो २ मार्चला सुरू झाला आणि ३१ मार्चला ईद झाली. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा याच फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. विद्यापीठाच्या उन्हाळी सत्राच्या परीक्षांचा, तोंडी परीक्षांचा, प्रकल्प सादर करण्याचा काळही मार्चपासूनच सुरू होतो.

यापूर्वी असा योग १९९३-९४ च्या सुमारास आला होता. तेव्हा परीक्षा दिलेली मुले आज पन्नाशीच्या घरात आहेत आणि त्यांचीच मुले आता पेपर देत आहेत. रमजान सरकला की अडचणही सरकून जाईल, असे मात्र नाही. २०३० मध्ये तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, असा एकाच वर्षात दोनदा सुरू होईल. २०३३ ते २०३६ या काळात तो नोव्हेंबर आणि ऑक्टोबरकडे येईल. तो हिवाळी सत्राच्या परीक्षांचा हंगाम आहे. प्रश्न मुक्काम बदलतो, जात नाही.

रोजा ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस कसा असतो, हे जवळून न पाहिलेल्यांनाही कळायला हवे. मार्चच्या सुरुवातीला मुंबईच्या परिसरात पहाटे साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास सहरची वेळ संपते. त्याआधी तासभर उठून खाणे-पिणे उरकावे लागते. मग सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. इफ्तार संध्याकाळी पावणेसातच्या आसपास. रात्री इशाच्या नमाजनंतर तरावीहची दीर्घ नमाज. झोप दोन तुकड्यांत होते. सकाळी डोके ताजे असते, दुपार उतरू लागली की घसा कोरडा पडतो आणि लक्ष विचलित होते. म्हणून अनेक मुले अभ्यास सहरनंतरच्या शांत वेळेत आटोपतात. सकाळचा पेपर त्यांना फारसा जड जात नाही. दुपारी उशिरा सुरू होऊन संध्याकाळी संपणारा पेपर जड जातो.

त्यात अंतराची भर पडते. समजा एखादी विद्यार्थिनी तारोडी-उत्तनच्या पट्ट्यातून बोरिवलीच्या किंवा वसईच्या महाविद्यालयात जाते. साडेपाचला पेपर सुटला, तर गर्दीच्या वेळची लोकल आणि पुढे भाईंदरहून बस. सूर्य मावळताना ती घरी नसते. पर्समधली खजुराची पुडी आणि पाण्याची बाटली हाच तिचा इफ्तार असतो.

आता याच बसमधली तिची शेजारीण बघा. भाईंदरमध्ये जैन समाज मोठा आहे. त्यातली अनेक मुले चौविहार पाळतात, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत. संध्याकाळी उशिरा सुटणारा पेपर एकीला सूर्यास्ताच्या आत जेवू देत नाही आणि दुसरीला सूर्यास्ताच्या वेळी तोंडात घास घालू देत नाही. दोघींचे व्रत अगदी उलट आहे, पण अडचण एकच आहे आणि उपायही एकच आहे. पेपर तासभर आधी संपला की दोघींचे भागते.

डोंगरी-तारोडी-उत्तनचा हा पट्टा मुख्यतः ख्रिस्ती, आगरी आणि कोळी वस्तीचा. डोंगरीचे बेथलेहेम माउलीचे चर्च, धारावी देवीचे मंदिर ही इथली जुनी श्रद्धास्थाने. मुस्लिमांची मोठी वस्ती मीरा रोडच्या नया नगरात. २०२६ मध्ये ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, १८ फेब्रुवारीला आला आणि त्याच आठवड्यात रमजानचे रोजे सुरू झाले. म्हणजे एकाच महाविद्यालयातली निरनिराळ्या धर्मांची मुले एकाच वेळी उपवासात होती. धार्मिक सोयीचा प्रश्न म्हटला की तो एकाच समाजाचा मानला जातो. प्रत्यक्षात तसे नाही.

रोजाच सवलत शिकवतो

‘धर्म पाळायचा तर त्रास सोसावा, सवलत कशाला?’ असा सवाल नेहमी येतो. तो विचारणाऱ्यांना रोजाचे नियम ठाऊक नसतात. कुरआनातील सूरह अल-बकरहमध्ये रोजे फर्ज करणाऱ्या ज्या आयती आहेत, त्याच आयतींमध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट दिलेली आहे. त्यांनी ते रोजे नंतर, इतर दिवसांत पूर्ण करायचे. अल्लाहला माणसांसाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको आहे, असा खुलासाही तिथेच आहे. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रिया रोजा ठेवत नाहीत, तेवढे दिवस पुढे भरून काढतात. गर्भवती आणि स्तनदा मातांनाही गरजेनुसार मुभा आहे. ज्यांना वार्धक्यामुळे किंवा कायमच्या आजारामुळे रोजा शक्यच नाही, त्यांच्यासाठी फिदया आहे, म्हणजे प्रत्येक रोजाच्या बदल्यात गरिबाला जेवण.

राहून गेलेले कर्तव्य पुढे पूर्ण करणे याला कजा म्हणतात. कजा म्हणजे माफी नव्हे. तीस दिवसांपैकी पाच रोजे राहिले तर नंतर पाचच ठेवायचे, चार नाही. रोजाची लांबी कमी होत नाही, नियमही सैल होत नाहीत. फक्त दिवस बदलतो. आणि हे सारे आधीपासून ठरलेले असते. आजारी माणसाला मशिदीत जाऊन कुणाच्या हातापाया पडावे लागत नाही.

परीक्षा आहे म्हणून रोजा सोडावा का, यावर उलेमांमध्ये एकमत नाही. नुसत्या परीक्षेच्या कारणाने रोजा टाळू नये, असे अनेक जण सांगतात. रोजामुळे प्रकृतीला खरोखर अपाय होत असेल तर तो सोडून नंतर कजा करावी, असेही सांगितले जाते. तो निर्णय विद्यार्थ्याचा आणि त्याच्या घरच्यांचा. विद्यापीठाने त्यात पडायचे कारण नाही. विद्यापीठापुढचा प्रश्न छोटा आणि व्यावहारिक आहे. विद्यार्थ्याच्या धर्मातला महत्त्वाचा दिवस आणि पेपर एकाच तारखेला आले, तर त्या पेपरला कजा आहे का?

कायदा काय सांगतो

तारोडीच्या शेजारीच, उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. राज्यातले न्यायाधीश तिथे प्रशिक्षणासाठी येतात. या विषयातला कायदा त्यांच्या नेहमीच्या वाचनातला असेल, पण महाविद्यालयांच्या कार्यालयांत तो फारसा पोहोचलेला दिसत नाही.

राज्यघटनेचे कलम २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे आणि धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या त्याच्या मर्यादा आहेत. कलम २८ शिक्षणसंस्थांबद्दल आहे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. ही दोन कलमे एकत्र वाचली की चित्र स्पष्ट होते. संस्थेने आपला धर्म विद्यार्थ्यावर लादू नये आणि विद्यार्थ्याचा धर्म संस्थेने शक्य तिथे अडवू नये. विद्यार्थ्याला ईदच्या दिवशी पेपरमधून मोकळीक देणे म्हणजे धार्मिक शिक्षण देणे नव्हे.

नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाचे प्रकरण या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते नास्तिक. प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रार्थनेची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ज्या घटनेने नास्तिकाचे न जोडलेले हात सांभाळले, तीच घटना रोजेदाराचा रोजाही सांभाळते.

त्याही आधी, ११ ऑगस्ट १९८६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या तीन भावंडांच्या बाजूने निर्णय दिला होता. ती मुले ‘जेहोवाज विटनेसेस’ या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहात, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले होते. श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि तिच्यामुळे कुणाला उपद्रव झाला का, हे न्यायालयाने तपासले. श्रद्धा इतरांना पटते की नाही, हा मुद्दा त्याने गौण मानला. विद्यापीठाला नियम करायचा असेल तर ही कसोटी तयार आहे.

नियम नसतो तेव्हा

लेखी नियम नसेल तर दोनच गोष्टी उरतात. एक म्हणजे प्राचार्यांची मर्जी आणि दुसरी म्हणजे गर्दी.

मर्जी चांगलीही असते. रोजेदार मुलांची तोंडी परीक्षा सकाळीच घेणारे, शुक्रवारी जुमाच्या नमाजपुरते अर्धा-पाऊण तास सोडणारे शिक्षक महाराष्ट्रात खूप आहेत. त्यांचा धर्म कुठला, हे कुणी विचारत नाही. पण ते बदलून गेले की सोयही जाते. शेजारच्या महाविद्यालयात तीच गोष्ट मागितली तर कपाळावर आठ्या येतात. एकाच विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांचे नशीब असे दोन प्राचार्यांच्या स्वभावावर ठरते.

गर्दीचा अनुभव ठाणे जिल्ह्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये घेतला. कल्याणच्या एका फार्मसी महाविद्यालयात काही विद्यार्थ्यांनी रिकाम्या वर्गात नमाज अदा केली. त्याची चित्रफीत पसरली, संघटनांचे कार्यकर्ते महाविद्यालयात पोहोचले आणि विद्यार्थ्यांना माफी मागावी लागली. वर्गात नमाज चालेल की नाही, यावर मतभेद असू शकतात. एखादे महाविद्यालय ‘चालणार नाही’ असेही म्हणू शकते. पण ते सांगायचे महाविद्यालयाने, आधी, लेखी आणि सर्व धर्मांना सारखेच. तसे झाले असते तर हा विषय प्राचार्य आणि विद्यार्थी यांच्यात पाच मिनिटांत संपला असता. नियमाची जागा रिकामी होती, म्हणून ती बाहेरच्यांनी घेतली.

नियम असूनही तो एकतर्फी असेल तर काय होते, हे चेंबूरने दाखवले. तिथल्या एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे महाविद्यालयाने २०२४ मध्ये हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज अशा गोष्टींना आवारात मनाई केली. विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या, २६ जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या मनाईला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकणाऱ्या बुरखा-नकाबाला मात्र मोकळीक दिली नाही. विद्यार्थ्यांचा धर्म कळू नये हाच हेतू असेल तर टिळा आणि टिकलीलाही मनाई करणार का, नावावरून धर्म कळत नाही का, असे प्रश्न सुनावणीत विचारले गेले. हिजाबचा मोठा वाद अजून मिटलेला नाही. कर्नाटकच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले होते. तोवर या मुलींचे शिक्षण चालू राहणे महत्त्वाचे. कारण वाद वर्षानुवर्षे चालतो आणि पदवी तीन वर्षांची असते.

सोय करताना तोल कसा जातो, याचेही उदाहरण मुंबईतच आहे. २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत वसतिगृहांच्या मेसमधली काही टेबले फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली. त्याचा निषेध म्हणून तिथे मांसाहार करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड झाला. कांदा-लसूण नसलेले जैन जेवण वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने मिळावे, ही रास्त मागणी आहे. दुसऱ्याने आपल्या शेजारच्या टेबलावर काय खावे, हे ठरवण्याची मागणी वेगळी. रमजानलाही हेच लागू होते. वसतिगृहातल्या रोजेदाराला पहाटे चार-साडेचारला डबा मिळावा. पण त्याच्यासमोर इतरांनी दुपारचे जेवण जेवू नये, असे रोजा सांगत नाही.

वाट आधीच पडलेली आहे

‘एकाला दिले तर सगळे मागतील,’ ही प्रशासनाची भीती असते. प्रत्यक्षात अशा सोयी आपल्या व्यवस्थेत आधीपासून आहेत.

मार्च २०२५ मधलीच गोष्ट. होळी १४ मार्चला होती, पण काही भागांत ती १५ तारखेलाही खेळली जाते. त्या दिवशी सीबीएसईचा बारावीचा हिंदीचा पेपर होता. मंडळाने जाहीर केले, की ज्यांना अडचण असेल त्यांनी त्या दिवशी बसू नये. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जी विशेष परीक्षा होते, तिच्याबरोबर त्यांचा पेपर घेतला जाईल. पेपर रद्द झाला नाही, बाकीच्यांचे वेळापत्रक हलले नाही आणि होळी खेळणाऱ्यांचे वर्षही बुडाले नाही. कजा म्हणतात ती हीच.

आपल्या महाविद्यालयांतही आजारपण, क्रीडास्पर्धा, एनसीसी, एनएसएस अशा कारणांनी पेपर हुकलेल्यांची वेगळी परीक्षा घेण्याची पद्धत आहे. प्रश्नपत्रिकांचे वेगवेगळे संच काढण्याची सवय परीक्षा विभागांना आहे. त्या कारणांच्या यादीत ‘धर्मातील महत्त्वाचा दिवस’ एवढे शब्द जोडायचे आहेत.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे उदाहरण आणखी बोलके आहे. कॉपी रोखण्यासाठी तिथे पोशाखाचे कडक नियम आहेत. २०१५ मध्ये, ही प्रवेशपरीक्षा ‘एआयपीएमटी’ नावाने होत असताना, हिजाबचा वाद न्यायालयात गेला. महिला पर्यवेक्षकांकडून तपासणी करून घ्यायची, या अटीवर केरळ उच्च न्यायालयाने दोन विद्यार्थिनींना परवानगी दिली. पुढे परीक्षेच्या सूचनांमध्येच तरतूद आली, की पारंपरिक किंवा धार्मिक पोशाखात येणाऱ्यांनी तपासणीसाठी केंद्रावर लवकर पोहोचावे. परीक्षेची शिस्त राहिली आणि श्रद्धाही राहिली. किंमत काय, तर तासभर आधी येणे. ती किंमत विद्यार्थिनीने मोजायची, हेही योग्यच.

परदेशांत हाच मार्ग धरला गेला. ब्रिटनमध्ये २०१६ साली रमजान जूनमध्ये, शालान्त परीक्षांच्या ऐन काळात आला. तेव्हा मोठ्या विद्यार्थिसंख्येचे काही पेपर शक्य तिथे रमजानच्या आधी घेण्याचा आणि सकाळ-दुपारच्या वेळांचा विचार परीक्षा मंडळांनी केला. शाळाप्रमुखांच्या संघटनेने मुस्लीम विद्वानांशी बोलून शाळांसाठी मार्गदर्शिका काढली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये कायदाच केला. श्रद्धेच्या कारणाने परीक्षेची तारीख अडचणीची असेल तर विद्यार्थ्याने सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत लेखी कळवायचे आणि महाविद्यालयाने वाजवी सोय करायची. ही माहिती प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पत्रकात छापणेही बंधनकारक केले.

आणि हे सारे परदेशातूनच शिकावे, असेही नाही. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. तो दिवस त्यांच्या साबाथचा, विश्रांतीचा. गावाने त्यांच्याकडून शनिवारी तेल मागितले नाही. शुक्रवारी घेतले किंवा रविवारी. त्यांच्या धार्मिक शिस्तीवरून त्यांना नाव पडले आणि त्या नावानेच ते गावगाड्यात शतकानुशतके नांदले. ज्या रायगड जिल्ह्यातल्या गावांनी हे केले, तो जिल्हा आज मुंबई विद्यापीठाच्याच क्षेत्रात आहे.

करायचे काय

विद्यापीठाला यासाठी इमारत बांधायची नाही की निधी शोधायचा नाही. शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक करताना काही गोष्टी पाळल्या तरी बराच प्रश्न सुटतो.

पहिली गोष्ट चंद्राची. ईदची तारीख आदल्या संध्याकाळी चंद्रदर्शनाने ठरते आणि सरकारी यादीत एकच दिवस छापलेला असतो. म्हणून यादीतल्या दिवसाबरोबर त्याच्या पुढचा-मागचा दिवसही मोठ्या पेपरसाठी टाळावा. म्हणजे रात्री नऊ वाजता परीक्षा पुढे ढकलल्याचे संदेश पाठवण्याची वेळ येत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. रमजानमध्ये शक्य तिथे पेपर सकाळच्या सत्रात ठेवावेत आणि संध्याकाळचे सत्र सूर्यास्ताच्या पुरेसे आधी संपवावे. शुक्रवारी दुपारी एक ते दोनच्या मधोमध पेपर सुरू करू नये. तिसरी गोष्ट हुकलेल्या पेपरची. प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातले दोन किंवा तीन धार्मिक दिवस सत्राच्या सुरुवातीलाच नोंदवता यावेत. त्या दिवशीचा पेपर त्याला त्याच काठिण्यपातळीच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेवर देता यावा आणि तो दिवस ७५ टक्के हजेरीच्या हिशेबात गैरहजेरी धरला जाऊ नये. हा नियम ईदला लागू असेल तसाच पर्युषणातल्या संवत्सरीला, गुड फ्रायडेला, बुद्धपौर्णिमेला आणि गावच्या जत्रेलाही लागू असावा. कुठलाच धर्म न मानणाऱ्यालाही एखाद्या दिवसाची मोकळीक मागता आली तर त्यात बिघडत काही नाही. चौथी गोष्ट जागेची. महाविद्यालयात एखादी शांत खोली असेल तर ती ठरावीक वेळी सर्वांसाठी खुली ठेवावी. नसेल तर तसे स्पष्ट सांगावे.

यात न मागण्याच्याही गोष्टी आहेत. रोजा आहे म्हणून जास्त गुण, सोपा पेपर, कॉपीकडे काणाडोळा, यातले काहीही कुणी मागू नये. प्रयोगशाळेत सैल ओढणी किंवा लांब बाही धोक्याची असेल तर सुरक्षेचा नियमच वरचढ राहावा. रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्या भावी डॉक्टरला रुग्ण सोडून इफ्तारला पळता येत नाही. तिथे सहकाऱ्याशी पाळी बदलून घेणे हाच मार्ग, आणि तो हिंदू-मुस्लीम-ख्रिस्ती डॉक्टर एकमेकांसाठी नेहमीच काढतात. दिवाळीला रोजेदार मित्र कामावर थांबतो, ईदला दुसरा थांबतो.

विद्यार्थ्यांवरही जबाबदारी येते. सोय हवी असेल तर ती वेळेवर मागावी, आदल्या रात्री नव्हे. वेळापत्रक लागले की त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. झोपेचे नियोजन करावे. तरावीहनंतर चौकात रेंगाळून सकाळी रोजाला बोल लावण्यात अर्थ नाही. मधुमेह किंवा दुसरा आजार असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजारी माणसाला दिलेली सूट न वापरणे ही धर्मनिष्ठा नव्हे. पालकांनीही मुलाला पेपर आणि रोजा यांच्यात एकटे सोडू नये.

आता राहतो खरा तोटा कुणाचा, हा मुद्दा. नियम नसला तर पैसेवाला विद्यार्थी दुसरीकडे प्रवेश घेतो, खासगी शिकवणी लावतो, पुढच्या वर्षी पुन्हा बसतो. ज्या घरातून पहिलीच मुलगी महाविद्यालयात गेली आहे, तिथे गणित वेगळे असते. ईदच्या दिवशी पेपर आणि वर्गात हिजाबला मनाई असे दोन धक्के बसले की ‘पुरे झाले शिक्षण’ म्हणणारे काका-मामा घरात असतातच. त्यांना निमित्त हवे असते आणि ते निमित्त महाविद्यालय पुरवते. मुलीला मात्र दोन्ही हवे असते, रोजाही आणि पदवीही. तिला एकच निवडायला लावणारी व्यवस्था तिच्या घरातल्या सर्वांत जुनाट माणसाच्या हाती कोलीत देते.

रमजान संपेल, ईद होईल. उन्हाळ्यात विद्यापीठे आणि महाविद्यालये पुढच्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक आखायला बसतील. पुढच्या दहा वर्षांतले रमजान साधारण कुठल्या आठवड्यात येतील, हे आजच सांगता येते. एक-दोन दिवसांचा काय तो फरक. धार्मिक दिवसामुळे हुकलेला पेपर पुढे देता येईल आणि त्यासाठी अर्ज अमुक तारखेपर्यंत करावा, एवढ्या दोन ओळी त्या वेळापत्रकात छापल्या तरी तारोडीच्या मुलीला कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. तिला अर्ज भरावा लागेल आणि पेपर पूर्ण द्यावा लागेल.